अवकाशयानाच्या दाराखालची फट

यानाच्या दाराला कडेने बसवलेली रबरी पट्टी करंगळीएवढी जाड होती, आणि दार लागले की ती चेपून निम्मी होत असे. दाब सगळीकडे सारखा पडत होता. चारही कोपऱ्यांत वर्तमानपत्राचा कपटा धरून दार लावले आणि बाहेरून ओढले, तर कपटा निघत नव्हता, फाटत होता. ही परीक्षा मावशीने स्वतः घेतली होती आणि फाटलेले चारही कपटे घडी करून पर्समध्ये ठेवले होते. विज्ञानाचे म्हणणे इतके घट्ट बसल्याचे चित्रपटसृष्टीतले हे पहिलेच उदाहरण असावे.

मावशी ही कंपनीची शास्त्रीय सल्लागार. एरवी ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. कंपनी अवकाशातले भयपट काढते. वर्षाला एक याप्रमाणे आठ काढून झाले होते आणि नववा चालू होता. पडद्यावर मावशीचे नाव वेशभूषेनंतर आणि वाहनव्यवस्थेच्या आधी येते. तिची भाची कंपनीच्या चित्रपटांत लहानसहान कामे करत असे, आणि तिनेच मावशीला इथे आणले. भाची मावशी म्हणे म्हणून हळूहळू दिग्दर्शकापासून दिवे धरणाऱ्यांपर्यंत सगळेच मावशी म्हणू लागले. (विज्ञानाला इतका आपलेपणा इतरत्र क्वचित मिळतो.)

अवकाशात माणूस कशाने मरतो, हा प्रश्न गंभीर आहे. सर्वसाधारण समज असा, की पोकळीने, थंडीने किंवा किरणांनी. कंपनीच्या आठ चित्रपटांचा अभ्यास केला तर वेगळे चित्र दिसते. एकूण त्रेसष्ट मृत्यूंपैकी पोकळीने दोन झाले. थंडीने एक झाला, तोही गोठवायच्या पेटीत दुसऱ्याच्या जागी झोपल्यामुळे. उरलेले साठ जण सहकाऱ्याने दार उघडल्यामुळे गेले. राक्षसाला यात दोष देता येत नाही. तो बाहेर असतो, त्याने बरेच दिवस काही खाल्लेले नसते, आणि दार उघडे दिसले की आत येणे हे कोणत्याही प्राण्याचे स्वाभाविक वर्तन आहे. मांजरही येते.

पहिल्या चित्रपटाच्या वेळी मावशी नवखी होती. संहितेत एका ठिकाणी अंगावर निळे फोड आलेला सहकारी बाहेरून दार ठोठावतो. मावशीने समासात बारीक अक्षरात लिहिले, ‘आत घेऊ नये. बाहेरच ठेवून तपासावे.’ लेखक प्रामाणिक माणूस होता. त्याने तसे लिहून पाहिले. चित्रपट एकोणिसाव्या मिनिटाला संपला. सगळे सुखरूप घरी पोचले, आणि ज्याला फोड आले होते तोही मलम लावून पोचला.

“मावशी,” दिग्दर्शक म्हणाला, “लोकांनी दोन तासांचं तिकीट काढलंय. राहिलेला वेळ काय दाखवू? यानाची फरशी पुसताना?”

“पुसावी तर लागेलच,” मावशी म्हणाली. “जंतुनाशकानं. दोनदा.”

सगळे पोट धरून हसले. मावशीला विनोदबुद्धी आहे, अशी तिची ख्याती त्या दिवसापासून झाली.

नंतर लेखकाने तिला बाजूला घेऊन या कलाप्रकाराचे मूळ तत्त्व समजावून सांगितले. “भीती राक्षसात नसते हो मावशी. भीती बैठकीत असते.” त्याचे म्हणणे असे: प्रत्येक चित्रपटात घ्यायचा निर्णय एकच असतो. दार बंद करा, किंवा यान सोडा, किंवा कप्तानाला मागे ठेवा. तो कोणता, हे विसाव्या मिनिटाला सगळ्या थिएटरला कळलेले असते. यानातल्यांनाही कळलेले असते. तो कुणाच्याही तोंडून शेवटपर्यंत बाहेर पडू द्यायचा नाही, एवढेच चित्रपटाचे काम. त्यासाठी कंपनीने काही साधने प्रमाणित केली आहेत. कप्तानाला आधी मुख्यालयाशी बोलायचे असते. मुख्यालयाचा आवाज खरखरतो. एकाचा भाऊ बाहेर राहिलेला असतो. दुसऱ्याला पुरावा हवा असतो. तिसरा म्हणतो, आपण सगळे दमलोय, जरा झोपून उठू आणि मग ठरवू. (झोपून उठणाऱ्यांची संख्या बैठक भरवण्यास सहसा अपुरी पडते.)

शिवाय प्रत्येक यानावर एक शास्त्रज्ञ असतो. त्याला चष्मा असतो, आणि खरे बोलायची एकदाच मुभा असते. खरे बोलल्यापासून सरासरी सहा मिनिटांत तो जातो.

या शास्त्रज्ञाची वाक्ये मावशीकडून येत. तशी कुणी योजना केली नव्हती. पद्धत आपोआप पडली. तिसऱ्या चित्रपटाच्या वेळी मावशी म्हणाली होती, “ही वायर ओल्या फरशीवर ठेवू नका, कुणाला तरी झटका बसेल.” लेखक जवळच उभा होता. “वा!” तो म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत ते वाक्य शास्त्रज्ञाच्या तोंडी गेले. वायर तिथेच राहिली. वाक्याला आधार हवा म्हणून शेजारी आणखी एक आणून टाकली. पाचव्या चित्रपटात डोक्यावरचा दिवा सैल असल्याचे वाक्य आले, सहाव्यात शिडीचे. कंपनीत मावशीचे म्हणणे कुणी ऐकत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिचे म्हणणे गावोगावचे प्रेक्षक ऐकत होते, पैसे देऊन.

फक्त फटीचे वाक्य कुणी घेत नव्हते. यानाच्या दाराखाली चांगली दोन बोटे फट होती. पलीकडे पोकळी आणि मध्ये ही फट, म्हणजे राक्षस येण्याची वाट कुणाला पाहावीच लागणार नाही, सगळे पहिल्याच मिनिटात आटोपतील, हे मावशी दर वर्षी सांगे. दर वर्षी दिग्दर्शक म्हणे, “फटीकडे कोण बघतंय?” मग आठवा चित्रपट लागला. नायक बंद दाराला कान लावून उभा आहे, पलीकडे अथांग अवकाश आहे, आणि दाराखालच्या फटीतून चपला घातलेले दोन पाय किटली घेऊन सावकाश डावीकडून उजवीकडे गेले. थिएटर हसले. भयपटात प्रेक्षक हसणे, ही कंपनीच्या नियमांनुसार एकमेव खरी जीवितहानी आहे.

“तुमचं ऐकायला हवं होतं मावशी,” दिग्दर्शक म्हणाला. दुसऱ्याच आठवड्यात सेटवरच्या मिस्त्रीने शीतगृहाच्या दाराला लावतात तसली रबरी पट्टी पैदा केली आणि दार खाली घेऊन चौफेर बसवली. काम झाल्यावर तो दोन पावले मागे सरकला. “बघा मावशी, मुंगी जाणार नाही,” तो म्हणाला. “मुंगीचा श्वाससुद्धा जाणार नाही.”

आता भाचीविषयी. आठही चित्रपटांत ती तिसरी मरत असे. तिसऱ्याचा मृत्यू पाठमोरा दाखवायचा, अशी रीत आहे. भाचीची पाठ ओळखणारे प्रेक्षक गावोगाव तयार झाले होते. नवव्यात मात्र तिला नायिका केले होते. शेवटच्या प्रसंगात ती राक्षसाला यानाच्या दोन दारांमधल्या छोट्या खोलीत (खरे दार एकच, दुसरे भिंतीवर रंगवलेले) ओढून आणते, स्वतःसकट कोंडून घेते, जमिनीवर कोसळते, आणि कॅमेरा काचेतून तीन मिनिटे तिच्या चेहऱ्यावर राहतो. चेहऱ्याभोवती धुके चढत जाते. भाचीने आरशासमोर मरून मरून शेजाऱ्यांना काळजीत टाकले होते. चित्रीकरण आज होते, आणि आजच होणे भाग होते, कारण उद्यापासून ती जागा गाद्यांच्या जाहिरातीला दिलेली होती.

धुक्याचे खाते धूरकाकांकडे. दिग्दर्शकाला वर जाणारा धूर चालत नसे. त्याला जमिनीवरून सरपटणारे धुके हवे असे. त्यासाठी धूरकाका गरम पाण्याच्या टबात ड्राय आइस टाकत. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, अर्थात आपण श्वासाबरोबर बाहेर टाकतो तोच वायू. तो हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो आणि तळाने वाट काढत जातो. आठ चित्रपट तो दाराखालच्या फटीतून निमूटपणे निघून जात होता.

सकाळी धुक्याची चाचणी झाली. टब आत ठेवला, थोडाच बर्फ टाकला, दार लावले, मग उघडले. धुके गुडघाभर साचले होते आणि हलायला तयार नव्हते. युनिटने टाळ्या वाजवल्या. टब कुठे गेला ते बघायला धूरकाका आत शिरून खाली वाकले आणि त्यांनी लायटर पेटवला. पेटेना. पुन्हा खटका मारला. ठिणगी पडे, ज्योत धरत नसे.

“काय माल काढतात आजकाल!” असे म्हणून ते बाहेर आले, तर लायटर पेटला. आत गेले, पेटेना. कुणीतरी दुसरा लायटर दिला. तोही बाहेर पेटला, आत नाही. यावर युनिटमध्ये मोकळी चर्चा झाली. एकाच्या मते लायटरला दमट हवा सोसत नाही. दुसऱ्याच्या मते दोन्ही एकाच कंपनीचे होते. दिग्दर्शक हरखून म्हणाला, “बघा, लायटरसुद्धा घाबरला! असं वातावरण हवं!” धूरकाका लाल चेहऱ्याने पायरीवर बसले आणि त्यांनी कपाळ चोळले. रात्री झोप नीट झाली नव्हती, असे त्यांनी स्वतःच निदान केले.

मावशी काचेजवळ उभी होती. एक किलो ड्राय आइसचा सुमारे पाचशे लिटर वायू होतो. प्रत्यक्ष चित्रीकरणात चार किलो पडणार होता. खोलीत हवा होती सात हजार लिटर. हा भागाकार तिच्या कॉलेजातली पहिल्या वर्षाची मुले करतात, कुरकुरत का होईना. शंभरात दहा भाग झाला तरी माणूस बेशुद्ध पडू लागतो, आणि जमिनीलगत तर सगळ्यात दाट. थोडक्यात, त्या खोलीत खाली पडून राहणाऱ्या व्यक्तीला अभिनय करावा लागणार नव्हता.

उपायही साधा होता. पट्टी काढायची. मिस्त्रीला पाच मिनिटे लागली असती. फट पुन्हा उघडी झाली असती, वायू नेहमीसारखा निघून गेला असता, धुके विरळ झाले असते, आणि पडद्यावर पुन्हा दोन बोटे उजेड दिसला असता. दिग्दर्शकाने असा शॉट घेतला नसता. मावशीला हे सगळे एका क्षणात दिसले. लगेच बोलावे असेही तिला वाटले. पण नऊ चित्रपटांत मान्य झालेली तिची एकमेव सूचना ती स्वतःच मागे घेणार, म्हणजे ती नीट शब्दांत मांडायला हवी होती. तिने आधी बर्फाकडून सुरुवात केली.

“काका, बर्फ कमी टाका. एक किलोच.”

“मी कोण कमी टाकणारा?” धूरकाका म्हणाले. “किती टाकायचा ते सर सांगतात. मी फक्त टाकतो. तुम्ही सरांशी बोला.”

ती दिग्दर्शकाकडे गेली. “सर, त्या दाराचं—”

“दार!” दिग्दर्शक ओरडला. “ए, इकडे या सगळे! हे दार कुणामुळे झालं? मावशीमुळे! आठ वर्षं बाई सांगतेय आणि आपण गाढवं ऐकत नव्हतो. वाजवा टाळ्या!” टाळ्या वाजल्या. लाइटवाल्यांनी वरून शिट्ट्या मारल्या. मिस्त्रीने पट्टीवरून फडके फिरवले. मावशीच्या आयुष्यात आधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. रसायनशास्त्रात तशी प्रथा नाही. ती म्हणाली, “थँक्यू.”

मग ती लेखकाकडे गेली आणि सरळच म्हणाली, “आत श्वास घेता येणार नाही. माणूस मरेल.”

लेखकाने डोळे मिटले. “पुन्हा म्हणा.”

“श्वास घेता येणार नाही. माणूस मरेल. मी खरंच सांगतेय.”

“‘मी खरंच सांगतेय’! याला म्हणतात वाक्य,” लेखक म्हणाला. “फक्त ‘माणूस मरेल’ आधी ठेवू की नंतर?”

“नंतर,” मावशी म्हणाली, कारण क्रम तोच बरोबर होता. लेखक पेन शोधत निघून गेला.

रंगपटाच्या खोलीत भाची आरशासमोर बसली होती. गालावर जखम चिकटवणे चालू होते, म्हणून ती ओठ न हलवता बोलत होती. “मावशी, तुझा चेहरा बघूनच कळलं. आज काही काढू नकोस हं.”

“धूर जड आहे गं. खाली बसतो. तू खालीच पडणार आहेस.”

“मग बरंच की. फ्रेममध्ये नीट दिसेल.”

“किती वेळ आहेस आत?”

“तीन मिनिटं. धरीन मी श्वास.”

“तुला दुसरा मजला चढताना धाप लागते.”

“झालं! आईसारखी बोलायला लागलीस.” भाचीने जखमेला धक्का न लावता मान वळवली. “आठ सिनेमे मी पाठमोरी मेलेय, मावशी. माझी पाठ रस्त्यात ओळखतात लोक. आज पहिल्यांदा तोंड दिसणार आहे. आज नाही झालं, तर सर म्हणालेत, कप्तान एका वाक्यात सांगून टाकेल. ‘ती गेली.’ संपलं. मी गेले.”

“दार जरासं किलकिलं ठेवलं तर?”

“फट दिसेल ना! फट फट म्हणून घर डोक्यावर कुणी घेतलं होतं?”

मावशीने आरशाच्या कडेला हात टेकला. “अगं, मरशील तू.”

“हो ना!” भाची आनंदाने म्हणाली. “आणि काय मस्त मरणार आहे बघ!”

त्या इमारतीत तो शब्द गेली आठ वर्षे इतका वापरला गेला होता, की त्यात आता काही शिल्लक नव्हते. मावशीने बाहेर येऊन बहिणीला, म्हणजे भाचीच्या आईला, फोन लावला. पोरीला दोन शब्द तू सांग, असे म्हणायचा विचार होता. पण बहिणीनेच आधी सुरुवात केली: “सकाळपासून जीव खालीवर होतोय बघ माझा. मग म्हटलं, तू आहेस ना तिथे, मला कसली काळजी!” असे म्हटल्यावर पुढे काही सांगणे अवघड असते. मावशीने “हो, आहे मी,” असे म्हणून फोन ठेवला.

मग जेवणाची सुट्टी झाली. उपाशी पोटी लोक कुणाचे ऐकत नाहीत, म्हणून मावशीने जेवण होऊ दिले. जेवल्यावर लोक सुस्तावतात, म्हणून जरा वेळ जाऊ दिला. मग दिग्दर्शक कॅमेऱ्यामागे इतका खुशीत होता, की त्या क्षणी बोलणे तिला बरे वाटेना. आणि नंतर तो इतका वैतागला, की तेव्हा तर मुळीच नाही. आपण कंपनीची प्रमाणित साधने ठरल्या क्रमाने वापरत आहोत, हे तिच्या लक्षात आले. निरीक्षण म्हणून ते तिला महत्त्वाचे वाटले. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली, आणि ती तिला अजिबात आवडली नाही: बर्फ, धूर, वेळ, भाचीचे फुप्फुस, सगळ्याविषयी ती दिवसभर कुणाकुणाशी बोलली होती. पट्टी काढा, असे मात्र तिने एकालाही म्हटले नव्हते.

चित्रीकरणाची वेळ झाली. शॉट घेण्याआधी कंपनीत एक पद्धत पाळली जाते. सहायक दिग्दर्शिका एकेका खात्याचे नाव घेते, आणि ते खाते “तयार” म्हणते. पहिल्या चित्रपटाच्या वेळी दिग्दर्शकाने सौजन्य म्हणून या यादीच्या शेवटी विज्ञानही घातले. आजवर विज्ञान तयार नाही, असे कधी झालेले नाही.

भाची आत जाऊन जमिनीवर पडली. तिने केस कपाळावर चिकटवून घेतले आणि गाल फरशीला टेकवला. टबात बर्फ पडला. वाफाळ, पांढरे धुके कडेवरून उतरले आणि तिच्या हनुवटीकडे निघाले. दार सगळ्यात शेवटी लावायचे होते, म्हणून मिस्त्री त्याला खांदा लावून उभा राहिला.

“दिवे?”

“तयार.”

“कॅमेरा?”

“तयार.”

“आवाज?”

“तयार.”

“धूर?”

“तयार,” धूरकाका कपाळ चोळत म्हणाले.

“राक्षस?”

“तयार,” दोरी धरलेला माणूस बाहेरून म्हणाला. (राक्षस फोमचा होता. त्याच्या जिवाला कोणताही धोका नव्हता.)

“दार?”

“एकदम तयार,” मिस्त्री म्हणाला.

“विज्ञान?”

विज्ञानाने उत्तर दिले नाही.

इथे वाचकांच्या सोयीसाठी क्षणभर थांबणे भाग आहे. काय बोलायला हवे, हे वाचकाला लायटरपासून ठाऊक आहे. ही बाई बोलत का नाही, म्हणून तो तेव्हापासून तिला मनातल्या मनात शिव्या घालत आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र ती लायटरपाशीच बोलली असती, तर ही गोष्ट तिथेच संपली असती, भाची दुपारीच घरी जाऊन झोपली असती, आणि वाचकाने ‘यात काही घडतच नाही’ असे म्हणून पान उलटले असते. कंपनीच्या पाहणीत शंभरातले सत्त्याण्णव प्रेक्षक असेच म्हणाले. (उरलेले तिघे मत नोंदवण्यापूर्वी थिएटरमध्ये झोपले होते.) मुलगी जमिनीवर आहे, वायू हनुवटीपर्यंत आला आहे, दाराला खांदा लागला आहे, आणि वाचक पुढे सरसावून बसला आहे. तो नक्की कशासाठी सरसावला आहे, याची चौकशी आम्ही करणार नाही. फक्त दिलगिरी आधीच व्यक्त करतो, की ज्याची इतका वेळ वाट पाहिली ते इथे मिळणार नाही. ज्यांना फारच चुटपुट लागेल, त्यांनी याच ओळीवर थांबावे आणि दार लागले असे समजावे. तशी मुभा आहे.

“विज्ञान?” सहायक दिग्दर्शिकेने पुन्हा विचारले. सगळ्या माना मावशीकडे वळल्या. भाचीनेही फरशीवरून डोके उचलले आणि डोळ्यांनीच विनवले, नको.

“तयार नाही,” मावशी म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “तू आधी बाहेर ये. आणि मिस्त्री, दार सोडा. ती पट्टी उपटा. सगळी.”